कर्णधार ते जनरल मॅनेजर: स्टीव्ह आयझरमन आणि आइस हॉकी संघ बांधण्याचं गणित

वेन ग्रेट्स्की हा आइस हॉकीतला आजवरचा सर्वांत मोठा खेळाडू मानला जातो. निवृत्तीनंतर तो फिनिक्सच्या संघात भागीदार झाला आणि २००५ ते २००९ अशी चार वर्षं त्या संघाचा प्रशिक्षकही होता. चारही वर्षं संघ प्लेऑफपर्यंत पोहोचला नाही. दुसरीकडे केन हॉलंड एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेच्या सर्वोच्च लीगमध्ये, गोलरक्षक म्हणून जेमतेम चार सामने खेळला होता. जनरल मॅनेजर म्हणून त्याने डेट्रॉइट रेड विंग्जला तीन स्टॅनली कप, म्हणजे त्या लीगची विजेतेपदं, मिळवून दिले. बर्फावरचं कौशल्य आणि कार्यालयातलं कौशल्य यांचा एकमेकांशी फार थोडा संबंध आहे, हे या दोन नावांवरून कळतं.

स्टीव्ह आयझरमन दोन्हीकडे गाजला. तो २२ हंगाम डेट्रॉइट या एकाच संघाकडून खेळला, त्यातले १९ हंगाम कर्णधार होता, आणि नंतर त्याने टॅम्पा बे लाइटनिंगचा असा संघ उभा केला ज्याने तो गेल्यावर लागोपाठ दोन कप जिंकले. पुढे तो डेट्रॉइटला परतला आणि तिथे मात्र तीच पद्धत फार सावकाश फळते आहे. ही पद्धत काय आहे, तिच्यामागचे नियम कोणते आणि ती कुठे अडते, ते पाहू.

आधी पदाचा अर्थ. आज रात्री बर्फावर कोण उतरणार हे प्रशिक्षक ठरवतो. ड्रेसिंग रूममध्ये मुळात कोण असणार हे जनरल मॅनेजर ठरवतो. खेळाडूंची निवड, करार, अदलाबदल, प्रशिक्षकाची नेमणूक, नवे खेळाडू हेरणाऱ्या स्काउट मंडळींचा चमू आणि खालच्या लीगमधला संलग्न संघ हे सगळं त्याच्याकडे असतं. पैसे मालकाचे, पण मालकाला वाटेल तेवढे खर्च करता येत नाहीत. खरी मेख तिथेच आहे.

खेळाडू

आयझरमनचा जन्म १९६५ चा, कॅनडातल्या क्रॅनब्रुकचा. वाढला ऑटवाजवळच्या नेपियनमध्ये. १९८३ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे तरुण खेळाडू निवडतात त्या कार्यक्रमात, डेट्रॉइटचे जनरल मॅनेजर जिम डेव्हेलानो यांना खरं तर मिशिगनमध्येच वाढलेला पॅट लाफाँटेन हवा होता. त्याला तिसऱ्या क्रमांकावर न्यूयॉर्क आयलंडर्सने उचललं, म्हणून चौथ्या क्रमांकावर डेट्रॉइटने आयझरमन घेतला. संघाची अवस्था तेव्हा बिकट होती. १९८५-८६ मध्ये ८० पैकी फक्त १७ सामने जिंकता आले. त्यानंतर, २१ व्या वर्षी, आयझरमन कर्णधार झाला.

हॉकीत गोल करणाऱ्याला एक गुण मिळतो आणि त्याआधी पास देणाऱ्या जास्तीत जास्त दोघांना प्रत्येकी एक. १९८८-८९ मध्ये आयझरमनने ६५ गोल आणि ९० असिस्ट असे १५५ गुण केले. पण संघ प्लेऑफमध्ये पुन्हा पुन्हा हरत राहिला. १९९३ मध्ये स्कॉटी बोमन प्रशिक्षक म्हणून आले आणि त्यांनी आपल्या सर्वांत मोठ्या आक्रमक खेळाडूला मागे येऊन बचाव करायला लावलं. आकडे लगेच खाली आले. १९९२-९३ मध्ये १३७ गुण करणाऱ्या आयझरमनने १९९६-९७ मध्ये ८५ केले, आणि त्याच वर्षी डेट्रॉइटने ४२ वर्षांनंतर स्टॅनली कप जिंकला. १९९८ आणि २००२ मध्ये पुन्हा जिंकला. २००० साली तर सर्वोत्तम बचाव करणाऱ्या फॉरवर्डचा सेल्की पुरस्कार आयझरमनला मिळाला.

मॅनेजर म्हणून त्याची नजर कशी घडली, हे समजून घ्यायचं तर या बदलाकडे बघायला हवं. स्वतःचे गुण कमी होत असताना संघ कसा सुधारतो, हे त्याने आतून पाहिलं होतं.

शरीराने मात्र किंमत वसूल केली. २००२ चे प्लेऑफ तो निकामी होत चाललेल्या उजव्या गुडघ्यावर खेळला आणि २३ सामन्यांत २३ गुण केले. त्यानंतर ऑस्टिऑटमी झाली. या शस्त्रक्रियेत गुडघ्याजवळचं हाड कापून त्याचा कोन बदलतात, म्हणजे भार झिजलेल्या बाजूवरून चांगल्या बाजूवर जातो. चालता यावं म्हणून करायची ही शस्त्रक्रिया. तिच्यानंतर कोणी व्यावसायिक हॉकी खेळेल अशी अपेक्षा नसते. तो त्यानंतरही खेळला. जुलै २००६ मध्ये थांबला तेव्हा नावावर १५१४ सामने, ६९२ गोल आणि १७५५ गुण होते.

उमेदवारी

निवृत्तीनंतर दोन-अडीच महिन्यांत तो डेट्रॉइटचा उपाध्यक्ष झाला. पद मोठं वाटतं, पण निर्णय हॉलंडचे असत. आयझरमनने चार वर्षं फक्त काम शिकण्यात घातली: स्काउटच्या बैठका, कराराच्या वाटाघाटी, ज्युनियर सामने पाहण्यासाठीचा प्रवास. नावाच्या जोरावर त्याला कुठेही थेट मॅनेजर होता आलं असतं. ही चार वर्षं त्याच्या पुढच्या यशाचं सर्वांत मोठं कारण आहेत, असं आमचं ठाम मत आहे.

जोडीला त्याने कॅनडाचा राष्ट्रीय संघ निवडला. २०१० मध्ये व्हँकूव्हर ऑलिंपिकला सुवर्ण, २०१४ मध्ये सोची ऑलिंपिकला पुन्हा सुवर्ण. सोचीत कॅनडाने सहा सामन्यांत मिळून केवळ तीन गोल खाल्ले. नावाजलेल्या गोल करणाऱ्यांची गर्दी जमवण्यापेक्षा दोन्ही टोकांना खेळणारे निवडायचे, हा बोमनच्या शाळेतला धडा तिथे स्पष्ट दिसतो.

पैशाची भिंत

२००४-०५ चा अख्खा हंगाम मालक आणि खेळाडूंच्या वादात रद्द झाला. त्यातून सॅलरी कॅप आली: एका संघाला हंगामात पगारावर खर्च करता येणारी कमाल रक्कम. पहिल्या वर्षी ती ३ कोटी ९० लाख डॉलर होती आणि चालू करारांतले पगार सरसकट २४ टक्क्यांनी कापले गेले. त्याआधी डेट्रॉइट खेळाडूंवर ७ कोटींहून अधिक खर्च करत असे. श्रीमंत संघाने पैशाने कप विकत घेण्याचे दिवस तिथे संपले.

आयपीएल पाहणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल, कारण तिथेही प्रत्येक फ्रँचायझीला ठरावीक रकमेतच संघ बांधावा लागतो. पण आयपीएलमध्ये काही वर्षांनी मोठा लिलाव होतो आणि पाटी बरीचशी कोरी होते. एनएचएलमध्ये पाटी कधीच कोरी होत नाही. एकदा दिलेला आठ वर्षांचा करार आठ वर्षं डोक्यावर बसतो.

कॅपमध्ये मोजली जाते ती कराराची वार्षिक सरासरी. पहिल्या वर्षी १ कोटी आणि शेवटच्या वर्षी ७० लाख दिले तरी दरवर्षी सरासरीच धरतात. हिशेब दिवसागणिक चालतो, म्हणून हंगामाच्या सुरुवातीपासून १० लाख डॉलरची जागा मोकळी ठेवणाऱ्या संघाला मार्चमधल्या अदलाबदलीच्या शेवटच्या तारखेला त्याच्या साधारण चार-साडेचार पट पगाराचा खेळाडू घेता येतो. तेव्हा हंगामाचे थोडेच दिवस उरलेले असतात आणि पगार तेवढ्याच दिवसांचा धरला जातो.

शिवाय मुख्य संघात २३ खेळाडू आणि एकूण ५० करार ही मर्यादा. एखाद्याला खालच्या लीगमध्ये पाठवायचं तर, तो नवखा नसेल तर, त्याला वेव्हर्सवर ठेवावं लागतं, म्हणजे २४ तास बाकी कोणताही संघ त्याला फुकट उचलू शकतो. ऑक्टोबरच्या सुरुवातीला २३ जणांची यादी करताना चांगले खेळाडू असेच हातचे जातात.

करार अंगाशी आला तर बायआउटचा मार्ग आहे. समजा खेळाडूची तीन वर्षं उरली आहेत, दरवर्षी ३० लाख डॉलर. एकूण ९० लाख. तो २६ वर्षांचा किंवा मोठा असेल तर त्याचे दोन तृतीयांश, म्हणजे ६० लाख, दुप्पट काळात, म्हणजे सहा वर्षांत द्यायचे. खेळाडू घरी बसलेला असताना सहा वर्षं दरवर्षी १० लाख कॅपमधून जातात. चूक लगेच निस्तरता येते, पण तिचं बिल दुप्पट काळ येत राहतं.

टॅम्पा

मे २०१० मध्ये नवे मालक जेफ विनिक यांनी आयझरमनला टॅम्पाला आणलं. स्टीव्हन स्टॅम्कोस आणि व्हिक्टर हेडमन हे दोन रत्नासारखे खेळाडू आधीच संघात होते. पहिल्याच वर्षी संघ कॉन्फरन्स (लीगच्या दोन गटांपैकी एक) अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यापर्यंत गेला आणि बॉस्टनकडून १-० ने हरला. त्यामुळे सगळं जागेवर आहे असा गैरसमज सहज झाला असता. पुढची दोन वर्षं संघ प्लेऑफलाही पोहोचला नाही. या काळात आयझरमनने घाईघाईने महागडी नावं गोळा केली नाहीत. त्याने माणसं गोळा केली: स्काउटिंगसाठी हॉकी कॅनडातून अल मरे, खालच्या संघाच्या कारभारासाठी ज्युलियन ब्रिझबॉय. त्या खालच्या संघाने, नॉरफोक ॲडमिरल्सने, २०११-१२ मध्ये लागोपाठ २८ सामने जिंकून त्या खालच्या लीगचा काल्डर कप मिळवला. त्याचा प्रशिक्षक जॉन कूपर मार्च २०१३ मध्ये मुख्य संघाचा प्रशिक्षक झाला, आणि त्याच्या हाताखाली तयार झालेले खेळाडूही त्याच्यामागे वर आले.

ड्राफ्टचं गणित असं: दरवर्षी जूनअखेर सात फेऱ्या, प्रत्येक संघाला फेरीत एक पाळी, तळाच्या संघांना आधी. १८ वर्षांच्या मुलाकडे बघून तो २४ व्या वर्षी काय असेल याचा अंदाज बांधायचा. पहिल्या पाच-सात निवडी बऱ्यापैकी उघड असतात. संघ खऱ्या अर्थाने बनतो तो त्यानंतर. २०११ मध्ये टॅम्पाने ५८ व्या क्रमांकावर निकिता कुचेरोव्ह घेतला. त्याच वर्षी १८ वर्षांखालच्या जागतिक स्पर्धेत त्याने सात सामन्यांत २१ गुणांचा विक्रम केला होता. तरीही अंगकाठी लहान आणि रशियन खेळाडू मायदेशीच्या लीगमध्ये राहील ही धास्ती, म्हणून इतर संघ कचरले. त्याच ड्राफ्टमध्ये २०८ व्या क्रमांकावर ओंद्रेय पालाट. २०१२ मध्ये १९ व्या क्रमांकावर गोलरक्षक आंद्रेई वासिलेव्स्की. २०१४ मध्ये टॅम्पाने मिनेसोटाला एक जादा निवड, म्हणजे ड्राफ्टमधली आपली एक पाळी, देऊन ८० वरून फक्त एक जागा वर, ७९ वर, उडी मारली आणि ब्रेडन पॉइंट घेतला. टायलर जॉन्सनला तर ड्राफ्टमध्ये कोणीच घेतलं नव्हतं. यांतले बरेचसे बुटके म्हणून मागे राहिलेले. स्केटिंग आणि खेळाची समज पाहायची, उंचीच्या फुटपट्टीवर नाव खोडायचं नाही, हा त्या चमूचा नियम होता.

खेळाडू मिळाल्यावर तो परवडायला हवा. १८ ते २१ या वयातला पहिला करार तीन वर्षांचा आणि ठरावीक कमाल रकमेचा असतो. हंगामाला साधारण १० लाख डॉलरच्या आत. ते संपल्यावर खेळाडू मर्यादित स्वरूपात मुक्त होतो: दुसरा संघ देकार देऊ शकतो, पण मूळ संघ तेवढीच रक्कम देऊन त्याला ठेवू शकतो, नाही तर भरपाई म्हणून निवडी घेतो. २७ वं वर्ष किंवा सात हंगाम झाले की तो पूर्ण मुक्त. म्हणजे स्वस्तातला चांगला खेळ मिळण्याचा काळ मधल्या चार-पाच वर्षांचा, आणि स्टॅनली कपची संधीही बहुधा त्याच काळात.

२०१६ चा उन्हाळा म्हणूनच अभ्यासावा असा आहे. स्टॅम्कोस पूर्ण मुक्त व्हायला दोन दिवस असताना आठ वर्षांसाठी वर्षाला ८५ लाख डॉलरवर राहिला. हेडमन ७८ लाख ७५ हजारांवर. वासिलेव्स्की तीन वर्षं ३५ लाखांवर. ऑक्टोबरमध्ये कुचेरोव्हने तीन वर्षांसाठी वर्षाला सुमारे ४७ लाख ७० हजार मान्य केले. ७ कोटी ३० लाखांच्या कॅपचे हे साडेसहा टक्के. या तीन वर्षांच्या शेवटी त्याने १२८ गुण करून लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला. फ्लोरिडात राज्याचा आयकर नाही, ही गोष्ट टॅम्पाच्या पथ्यावर पडली: तोच आकडा दुसऱ्या शहरात खेळाडूच्या हाती कमी पडतो. पण इतकंच कारण असतं तर फ्लोरिडातला प्रत्येक संघ कायम वर असता. एका मोठ्या खेळाडूने कमी घेतलं की पुढच्याशी बोलताना तोच आकडा छत म्हणून वापरता येतो, आणि आयझरमनने तो हट्टाने वापरला.

मन घट्ट करायचे निर्णय

व्हिन्सेंट लेकाव्हलिए टॅम्पाचा कर्णधार आणि शहराचा लाडका होता. त्याचा ११ वर्षांचा, साडेआठ कोटी डॉलरचा करार आयझरमनच्या आधीचा. २०१२-१३ मध्ये मालकांनी केलेल्या टाळेबंदीनंतर प्रत्येक संघाला कॅपमध्ये न धरली जाणारी दोन बायआउट मिळाली. जून २०१३ मध्ये आयझरमनने त्यातलं एक वापरून त्याला मोकळं केलं. मालकाला १४ वर्षं पैसे द्यावे लागणार होते, पण कॅप मोकळी झाली. अशी सवलत पुन्हा मिळणार नाही, हे ओळखून तो हलला.

मार्टिन सँ लुईचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं. २०१४ च्या ऑलिंपिकसाठी आयझरमनने कॅनडाच्या पहिल्या यादीत त्याला घेतलं नाही. आदल्याच हंगामात लीगमध्ये सर्वाधिक गुण करणारा, आपल्याच क्लबचा कर्णधार वगळायचा, म्हणजे दोन टोप्या एकाच डोक्यावर असल्याचा तोटा. स्टॅम्कोसच्या दुखापतीमुळे सँ लुई शेवटी गेला, सुवर्णही मिळालं, पण त्याने टॅम्पा सोडायची मागणी केली. त्याच्या करारात त्याच्या संमतीशिवाय हलवता येणार नाही असं कलम होतं आणि त्याला फक्त न्यूयॉर्क रेंजर्स हवे होते. गिऱ्हाईक एकच असलं की भाव पडतो. तरीही मार्च २०१४ मध्ये आयझरमनने रायन कॅलाहन आणि दोन निवडी मिळवल्या. त्यातली दुसऱ्या फेरीची सशर्त निवड रेंजर्स प्लेऑफमध्ये पुढे गेल्यामुळे पहिल्या फेरीची झाली. सौदा करताना किंमत वाढवता येत नसेल तर अट वाढवावी, याचा हा उत्तम नमुना.

जोनाथन द्रुआँ २०१३ चा तिसऱ्या क्रमांकाचा खेळाडू. जानेवारी २०१६ मध्ये त्याची संघ सोडायची मागणी जाहीर झाली, तो सामन्याला आला नाही, निलंबित झाला. अशा वेळी बाकीचे मॅनेजर पडत्या भावात माल उचलायला टपलेले असतात. आयझरमनने विकलं नाही. द्रुआँ परतला, चांगला खेळला, आणि दीड वर्षांनी त्याच्या बदल्यात माँट्रिऑलकडून बचावपटू मिखाईल सेर्गाचेव्ह मिळाला. तो पुढे दोन्ही कप जिंकणाऱ्या संघात होता.

२०१५ मध्ये टॅम्पा अंतिम फेरीत शिकागोकडून हरला. २०१७ मध्ये गुणतक्त्यात एका गुणाने प्लेऑफ हुकलं. सप्टेंबर २०१८ मध्ये आयझरमनने पद सोडलं आणि ब्रिझबॉय आला. पुढच्या हंगामात संघाने ६२ सामने जिंकले आणि प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत कोलंबसकडून ४-० असा धुव्वा उडाला. तरीही ब्रिझबॉयने गाभा मोडला नाही, काही कणखर खेळाडू जोडले आणि २०२० व २०२१ चे कप आले. त्यांचं श्रेय दोघांत वाटलं जावं, हेच न्यायाचं.

डेट्रॉइट, पुन्हा

एप्रिल २०१९ मध्ये आयझरमन घरी परतला. लागोपाठ २५ वर्षं प्लेऑफ खेळलेला संघ २०१६ नंतर कोसळला होता. जुन्या यशाच्या भरात दिलेले लांब करार कॅप अडवून बसले होते. २०१९-२० मध्ये ७१ पैकी पुन्हा १७ च सामने जिंकले, लीगमध्ये सर्वांत तळाला. पहिली निवड मिळण्याची शक्यता सर्वाधिक, १८.५ टक्के, पण सोडतीत संघ चौथ्या क्रमांकावर घसरला. तळाला असणाऱ्याला हमी नको म्हणूनच ही सोडत आहे, नाही तर संघ मुद्दाम हरतील. त्या चौथ्या क्रमांकावर लुकास रेमंड मिळाला. आदल्या वर्षी सहाव्या क्रमांकावर मोरित्झ साइडर घेतला होता, तेव्हा अनेकांनी भुवया उंचावल्या. २०२२ मध्ये तो सर्वोत्तम नवोदित ठरला.

पण टॅम्पात सुरुवातीलाच जी मोठी मदत होती ती इथे नव्हती. स्टॅम्कोस आणि हेडमन हे ड्राफ्टमधले पहिल्या व दुसऱ्या क्रमांकाचे खेळाडू. डेट्रॉइटला पहिल्या तिघांत एकदाही निवड मिळाली नाही. बाहेरून वयस्क खेळाडू आणून मधली जागा भरायची तर पैसे आणि जागा दोन्ही जातात. एक उदाहरण पुरेसं आहे. २०२० मध्ये मोकळ्या कॅपच्या जोरावर डेट्रॉइटने रेंजर्सकडून मार्क स्टाल घेतला, त्याच्या पगाराचं ओझं उचलल्याबद्दल दुसऱ्या फेरीची निवड वर मिळाली. हुशार सौदा. २०२४ मध्ये याच्या उलट, जेक वॉलमनला सॅन होजेकडे सोपवताना डेट्रॉइटने दुसऱ्या फेरीची निवड वर दिली. वर्ष उलटायच्या आत सॅन होजेने त्याच वॉलमनच्या बदल्यात एडमंटनकडून पहिल्या फेरीची निवड मिळवली. हा निर्णय चुकला, आणि द्रुआँच्या वेळी दाखवलेला धीर इथे का दिसला नाही हे समजत नाही.

२०२३-२४ मध्ये गुणतक्त्यात डेट्रॉइट आणि वॉशिंग्टन दोघांचे ९१ गुण झाले. बरोबरी झाली की नियमित ६० मिनिटांत मिळवलेले विजय मोजतात. जादा वेळेतले आणि शूटआउटमधले नाही. तिथे वॉशिंग्टन पुढे होतं, म्हणून प्लेऑफला तेच गेलं. पुढच्या हंगामात ८६ च गुण झाले, मध्येच प्रशिक्षक डेरेक लालोंड जाऊन टॉड मॅक्लेलन आला. २०२४-२५ अखेर प्लेऑफविना सलग नऊ हंगाम झाले, त्यातले सहा आयझरमनचे.

करारांची बाजू मात्र अजूनही त्याची ताकद आहे. साइडर सात वर्षं वर्षाला ८५ लाख ५० हजारांवर, रेमंड आठ वर्षं ८० लाख ७५ हजारांवर. ८ कोटी ८० लाखांच्या कॅपमध्ये साइडरचा वाटा ९.७ टक्के होता. लीगने जाहीर केल्याप्रमाणे कॅप २०२५-२६ ला ९ कोटी ५५ लाख, मग १० कोटी ४० लाख आणि २०२७-२८ ला ११ कोटी ३५ लाख झाली, की तोच वाटा साडेसात टक्क्यांवर येतो. अडचण अशी की कॅप सगळ्यांचीच वाढते. डेट्रॉइटकडे मोकळी जागा होती तेव्हा ती दुर्मीळ होती; आता प्रत्येकाकडे पैसे असल्याने संघ आपले चांगले खेळाडू स्वतःच राखून ठेवतात आणि करार संपलेले खेळाडू मुक्त होतात त्या १ जुलैला खुल्या बाजारात घेण्यासारखे फार थोडे उरतात. दुसऱ्याच्या नको असलेल्या कराराच्या बदल्यात निवडी उकळण्याचा मार्गही अरुंद होतो. उरतात ते स्वतः निवडून तयार केलेले खेळाडू आणि अदलाबदल. मार्को कास्पर, सायमन एडविन्सन, ॲक्सेल सँडिन-पेलिक्का ही पहिल्या फेरीतली मुलं किती लवकर पक्की होतात आणि त्यांतल्या कोणाला देऊन वरच्या दर्जाचा तयार खेळाडू आणायचा, हा आता डेट्रॉइटपुढचा निर्णय आहे.